पारड्यावरचा अंगठा

१४ सप्टेंबर

टिचकी,

मामाने तुझी अट सांगितली. फोनवर एक अक्षर लिहायचं नाही, कुणाच्या फोनवरून निरोप द्यायचा नाही, लिहायचंच असेल तर कागदावर लिहून पाकीट बंद करून मामाकडे द्यायचं. पत्रं नीट राहिली तर पुढेमागे पत्ता तू स्वतः देशील. "नीट म्हणजे कशी, ते काही ती बोलली नाही, ताई," असं म्हणून तो चहा न घेताच गेला. तुझ्या बाजूचा वकील असल्यासारखा वागत होता. माझा पाठचा भाऊ, पण असो.

तेव्हा सरळच लिहिते, म्हणजे गोड बोलून काही साधायचंय असं तुला वाटायला नको. मला पत्ता हवा आहे. दाराशी येऊन उभी राहण्यासाठी नव्हे. पाकिटावर तो माझ्या हाताने लिहिता यावा, एवढ्यासाठी.

बाबा बरे आहेत. फोन जे जे विचारेल त्याला ते अजूनही न वाचता 'मान्य आहे' करतात. "अगं, माझ्यापाशी आहे काय लपवायला?" परवा एकाच सकाळी त्यांच्या फोनने त्यांना टकलावरचं तेल, गुडघ्याचा पट्टा आणि अंत्यविधीचा विमा दाखवला. मी चिडले, तर म्हणाले, "बघ, केवढी काळजी आहे त्यांना माझी. तू कधी विचारलंस गुडघ्याचं?" मी विचारलं नव्हतं, हे खरं.

काल एका नव्या मोठ्या दुकानात वजनकाटे तपासायला गेले होते. काटे चोख निघाले. काम झाल्यावर एक साबण घेतला, तर गल्ल्यावरच्या मुलीने फोन नंबर मागितला.

"नंबर कशाला?"

"सिस्टिममध्ये टाकावाच लागतो, मॅडम."

"मी साबण घेतेय. स्थळ बघायला आले नाहीये."

मागची रांग हसली. ती मुलगी हसली नाही. तिने कुणाचातरी नंबर टाकला आणि साबण पुढे सरकवला. घरी येऊन रोजनिशीत लिहिलं, की माणसाने काय घेतलं, कुठे गेला, कशापाशी रेंगाळला, हे टिपून ठेवायचा अधिकार कुणालाही नसतो. हे मी लिहितेय म्हणून तुला हसू येईल. येऊ दे. माणसं वर्षभरात बदलतात.

थंडी तोंडावर आली. डोंगरात चालायचे बूट घ्यायचे तर घोटा झाकणारे घ्यावेत. दिसायला हलके असतात ते महिन्याभरात उसवतात.

तुझी आई


६ ऑक्टोबर

टिचकी,

पत्र तुला मिळालं, तू वाचलंस आणि काही बोलली नाहीस, असं मामा म्हणाला. काही न बोलणं म्हणजे नीट, असं मी धरून चालते.

गेल्या खेपेला त्या नकाशाचं लिहायचं टाळलं. आज लिहिते. घरातले तिघं कुठे आहेत ते दाखवणारं ॲप आपण तिघांनी मिळून घेतलं, हे मी त्या भांडणात ऊर फुटेस्तोवर सांगत होते. रोजनिशी काढून बघितली. घेतलं मी. बाबांनी 'मान्य आहे' केलं, आणि तू शाळेत होतीस, तुला कोण विचारतं. तुझा ठिपका कॉलेजावर दिसला की माझा दिवस सुरळीत जायचा. मग तो रोज दुपारी तुझ्या मैत्रिणीच्या खोलीवर दिसू लागला, आणि तिथे तो जराही हलायचा नाही. माणूस इतका स्थिर नसतो गं. माझा सर्वांत चांगला काटासुद्धा पंख्याच्या वाऱ्याने हलतो. फोन तिथे ठेवून तू भलतीकडे जातेस हे मला हिशोबानेच कळलं. मी गेले. मैत्रिणीने दार उघडलं. तुझा फोन फळीवर होता. तू परत आलीस तेव्हा मी तो मांडीवर घेऊन बसले होते.

"मी माल आहे का गं, आई? वजनात कमी भरतेय का ते बघतेस?" असं तू म्हणालीस. पुढच्या आठवड्यात घर सोडलंस.

ते ॲप मी तुझ्या डोळ्यांदेखत काढलं आणि पुन्हा असलं काही करणार नाही असा शब्द दिला. तो मी पाळला आहे. हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं आणि दोन्ही वेळा ठेवलं.

बाकी काही नाही. तुझा जुना टॅब फडताळात धूळ खात होता, तो बाबांनी चालू करून स्वयंपाकघरात ठेवलाय. भाजी चिरताना मी त्यावर काहीबाही बघते.

डोंगराकडच्या गावात खोली भाड्याने घेताना भिंत हाताने चाचपावी. फोटो भरदुपारी काढलेले असतात, ओल त्यात दिसत नाही. सर्वसाधारण सांगतेय.

तुझी आई


३ नोव्हेंबर

टिचकी,

आज मन फार हलकं आहे. कारण लिहिणार नाही.

कार्यालयात आमच्या प्रमाणित वजनांची वार्षिक तपासणी झाली. तू लहान असताना ती पेटी उघडून बघायला हट्ट करायचीस. मखमलीच्या खाचांत बसलेली पिवळीधमक पितळी वजनं, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. एकदा तू सगळ्यांत छोटं उघड्या बोटांनी उचललंस आणि मी किंचाळले. तू घाबरून रडलीस. बोटाचा घाम लागला तरी ते वजन खोटं होतं, म्हणून हातमोजे घालतात, हे तुला नंतर समजावलं. आधी समजावायला हवं होतं. आता पुन्हा कुणी छोटं माणूस हट्ट करेल तर मी आधी हातमोजा देईन.

सकाळी उठल्या उठल्या पोटात ढवळत असेल तर रिकाम्या पोटी पाणी पिऊ नये, आधी कोरडं काहीतरी खावं. जड बादल्या उचलू नयेत. जिने सावकाश. मला कुणी काही सांगितलेलं नाही आणि मी कुणाला विचारलेलं नाही. आईला कळतं, एवढंच समज.

बाबांना बोलले नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि त्यांच्या फोनच्या तर त्याहून नाही.

मी रागावलेली नाही. कोण आहे, काय करतो, लग्न केलंयस की नाही, यातलं काहीही मी विचारणार नाही. बघ, किती बदलले आहे.

तुझी आई


१ डिसेंबर

टिचकी,

या पत्राबरोबर एक खोकं आहे. ते मामाने "एवढं काय भरलंय, ताई, दगड?" असं कुरकुरत नेलं. आत काय आहे ते त्याला सांगितलं नाही. उघडण्याआधी हे पत्र वाच.

तो तान्ह्या बाळांचा काटा आहे. दुकानातून आणला तसा दिला नाही. घरी येऊन तपासला, तर मधोमध बरोबर आणि कडेला ठेवलं की कमी दाखवत होता. बाळ काही पारड्याच्या मधोमध झोपत नाही. बदलून आणला, दुसराही तसाच. दुकानदार म्हणाला, "बाई, लोक पाळण्याचा रंग बघून घेतात, तुम्ही पहिल्याच." तिसरा चांगला निघाला. तो कार्यालयात नेऊन प्रमाणित वजनांवर लावला, मधोमध आणि चारही कोपऱ्यांत, पाचही जागी. खासगी कामाला ती वजनं वापरायची नसतात. इतक्या वर्षांत मी कधी वापरली नव्हती. आमचे शिक्केवाले बघत होते. "नातू का, बाई?" मी म्हटलं, "नातही असू शकते." तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी हसून मोहरेसाठी शिसं वितळवलं आणि मी माझा शिक्का मारला. त्या काट्यात आता केसाइतकीही चूक नाही.

आता खरं लिहिते, कारण खोटं बोलून दिलेली वस्तू तू ठेवणार नाहीस.

टॅबवर तुझं खातं राहून गेलंय. तू जे शोधतेस, जे बघतेस, त्याच्या जाहिराती इथे माझ्या ओट्यावर येतात. पहिल्यांदा बूट आले. असले बूट या घरात कोण घालणार, म्हणजे तूच. मग डोंगरातल्या भाड्याच्या खोल्या. मग मळमळीच्या गोळ्या. त्या दिवशी मी सुरी बाजूला ठेवून खाली बसले. नंतर पाळणे, दुपटी, दर आठवड्याला 'तुमचं बाळ आता एवढं झालं' म्हणून लिंबाएवढं, मग पेरूएवढं चित्र.

मी शोधलं नाही. शपथेवर सांगते, एक अक्षर टाइप केलं नाही. ते आपण होऊन समोर येत होतं आणि मी बघत होते. रस्त्याने जाताना कुणाची खिडकी उघडी असली तर माणूस काय डोळे मिटून चालतो. हे मी रोजनिशीत बऱ्याचदा लिहिलंय. ज्या गोष्टीत माझा दोष नाही ती मी इतक्या वेळा लिहीत नाही, हेही माझ्या लक्षात आलंय.

टॅब बंद करायला हवा होता. करवला नाही. ज्या कंपन्यांना मी उठता बसता शिव्या घालते, त्यांनीच मला वर्षभरात तुझी पहिली खबर दिली. तू दिली नाहीस.

रागाव, पण काटा ठेव. बाळाचं वजन दर आठवड्याला एकाच वेळी, कपड्यांशिवाय करावं.

तुझी आई


२३ डिसेंबर

टिचकी,

तुझी चिठ्ठी मामाने आणून दिली. ती इथे उतरवून घेते. तुझ्या शब्दांत काही कमीजास्त करून मी उत्तर देतेय असं व्हायला नको.

'आई, मी गरोदर नाही. डोंगरात राहत नाही. बूट घेतलेले नाहीत. पहिल्या पत्रात बुटांचं वाचलं तेव्हा शंका आली, पण म्हटलं, थंडीचं बोलतेय, आई आहे. दुसऱ्यात खोलीचं आलं. तिसरं वाचून मी नंबर बदलला, फोन बदलला आणि राहती खोलीही सोडली. तू म्हणतेस त्यातलं काहीच बरोबर नव्हतं, पण कुठूनतरी तू बघते आहेस, हे बरोबर होतं. ती खोली चांगली होती. दुपारभर ऊन यायचं. काटा परत पाठवते आहे. तुझ्या एकाही पत्रात तू मला एक प्रश्न विचारलेला नाहीस. पत्ता या महिन्यात देणार होते. आता देणार नाही.'

मामा ओट्याशी उभा राहून मी वाचेपर्यंत थांबला. मग त्याने टॅब उचलला. फोनवर लोकांच्या जाहिराती लावणं हाच त्याचा धंदा, तुला माहीत आहे. मी आजवर त्यात कधी रस घेतला नव्हता.

"ताई, हे खातं कुणाचं आहे?"

"तिचं."

"तिने तिचं घर सोडलं त्याच आठवड्यात काढून टाकलं. हे भावजींचं आहे. त्यांनी चालू करताना सगळीकडे मान्य आहे, मान्य आहे करत नवीन उघडलंय. हे बघ, टकलाचं तेल."

"मग बूट?"

"थंडीच्या तोंडावर बूट सगळ्यांना दाखवतात. मलाही दाखवले. मी वर सरकवले. तू थांबलीस."

"मी नुसती बघत होते."

"तेच मोजतात. बोट किती वेळ थांबलं ते."

मी विचारलं, "आणि खोली?"

"बुटांवर एवढी रेंगाळलीस, म्हणजे डोंगरात जायचं असेल. खोल्या दाखवल्या, तर एकेका खोलीचे सगळे फोटो बघितलेस. घर बदलणारी बाई म्हटल्यावर चार गोष्टी टाकून बघतात. भांडी, विमा, मळमळीच्या गोळ्या. भांड्यांवर थांबली नाहीस."

"पण ती मळमळ तिची..."

"ताई, ती मळमळ कुणाचीच नव्हती."

मग त्याने आत कुठेतरी जाऊन एक पान उघडलं. त्यांच्या मते हा टॅब वापरणारी व्यक्ती कोण, ते तिथे लिहिलेलं असतं. तरुण स्त्री, पंचविशीतली. डोंगराळ भागात राहायला जाण्याच्या विचारात. पहिलं बाळ होणार. माझं वय त्यांनी वीस वर्षांनी उतरवलं, एवढाच काय तो माझा फायदा.

"हा तुझा धंदा?" मी म्हटलं.

"हो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते अधूनमधून. पण तुझ्याइतकं चांगलं गिऱ्हाईक आम्हाला मिळत नाही गं. लोक निदान वैतागून पुढे तरी जातात." मग टॅब खाली ठेवत म्हणाला, "मला खोक्यात काय आहे ते सांगितलं असतंस तर मी नेलं नसतं."

तो गेल्यावर मी पत्रांचे खर्डे काढले. रोजनिशीत आहेत सगळे. दुकानाची तपासणी करावी तसे वाचले, ओळ न् ओळ, हातात लाल पेन्सिल घेऊन. तुझं बरोबर आहे. बाबांचे प्रश्न आहेत, शिक्केवाल्यांचा आहे, त्या साबणवाल्या मुलीला मी केलेला आहे. तुला एकही नाही. एका ठिकाणी तर मी काहीही विचारणार नाही, असं मोठ्या अभिमानाने लिहिलंय. ज्याला सगळं दिसतंय असं वाटतं तो कशाला विचारेल.

माझ्या नोकरीत सर्वांत जुनी लबाडी म्हणजे पारड्यावर अंगठा टेकवणं. मी तो शेकडो वेळा पकडलाय. दुकानदार शपथा घेतात, "बाई, मी हातसुद्धा लावला नाही." मी त्यांना खोटारडे समजायचे. आता वाटतं, त्यातल्या काहींना खरोखरच कळत नसेल. अंगठा सवयीने टेकतो, काटा खाली जातो, आणि माणूस काट्याकडे बघून म्हणतो, एवढं भरलं. मी तीन महिने माझ्याच अंगठ्याचं वजन वाचत होते आणि त्याला तुझं नाव देत होते.

त्या कंपन्यांना दोष द्यायला मला आवडलं असतं. देतेही. त्यांनी एक खोटी मुलगी बनवून माझ्या ओट्यावर ठेवली. पण खऱ्या मुलीने खोली सोडली ती त्यांच्यामुळे नाही. त्यांनी तुला पत्रं लिहिली नव्हती.

आई


१२ जानेवारी

टिचकी,

हे पत्र तू घेशील की नाही, मामाला सांगता येत नाही. न घेतल्यास परत आणायला सांगितलंय, फाडायला नाही.

काटा पोचला. शिक्का शाबूत आहे. तो मी प्रसूतिगृहाला दिला. तिथल्या परिचारिकेने विचारलं, "घरात बाळ नाही का?" मी नाही म्हणाले. एवढं साधं उत्तर मला जड गेलं. त्या नसलेल्या बाळाची सवय झाली होती. पेरूएवढं झालं होतं.

टॅब मामाला देऊन टाकला. बाबा म्हणाले, "मग आता भाजी चिरताना बघणार काय?" म्हटलं, "भाजी." त्यांचा गुडघा खरंच दुखतो. गेल्या हिवाळ्यापासून. विचारल्यावर सांगितलं.

पुढे लिहिलंय त्यातलं मला काहीही माहीत नाही. तू सांगितलंस तरच कळेल. नाही सांगितलंस तर कळणार नाही, आणि मी ते दुसरीकडून जाणून घेणार नाही. असा शब्द मी आधीही दिला होता. त्यामुळे याची किंमत काय लावायची ते तू ठरव.

नव्या खोलीत ऊन येतं का?

तिथे थंडी पडते का?

पायात घालायला काय आहे तुझ्याकडे?

आई